बाजेखालचे पंखे

घरमालक खोली दाखवतो तेव्हा पाणी कधी येतं, संडास कुठे आहे, पाहुणे किती चालतील, असं काहीतरी सांगतो. चाचांनी मला दारातच विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडं इस्त्री हाय का?"

"आहे."

"सांजच्याला लावायची न्हाई. सकाळी लावा. आन कॉईलची शेगडी?"

"नाही."

"मग ऱ्हावा."

एवढ्यावर माझं घर ठरलं. नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती. माझी बदली भोरच्या सरकारी दवाखान्यात झाली होती, नवरा आणि मुलगी साताऱ्याला होते, आणि मला चालत ड्यूटीवर जाता येईल अशी एक खोली हवी होती. दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि सामानाची यादी घेऊन मी टेम्पोतून उतरले. चाचांनी ती यादी माझ्या हातातून घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि 'मिक्सर' या शब्दावर अंगठा ठेवला. "ह्यो बी सकाळीच."

पहिला महिनाभर मला या माणसाचा राग यायचा. दिवेलागणीला ते अंगणात येऊन माझ्या खिडकीकडे बघत उभे राहायचे. ट्यूब चालायची. पंखा लावला की मधल्या भिंतीवर काठी वाजायची. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर साठाचा एक साधा बल्ब होता, दिवसासुद्धा चालू. चाचांना घराबाहेरचं सगळं त्या बल्बात दिसायचं. तो किंचित पिवळा पडला की म्हणायचे, "गिरणी लागली." आणखी उतरला की, "नदीकडच्या मोटरी लागल्या." आणि तांबडा होऊन आतली तार दिसायला लागली की हातातला चहा तसाच ठेवून उठायचे आणि आतल्या खोलीत जायचे.

पलीकडच्या गिरणीवाल्याशी त्यांचं रोजचं होतं.

"चाचा, सांजची गिरणी बंद ठेवू म्हणता, मग लोकांनी जोंधळं काय टिपून खायचं? कोंबड्या हायत का त्या?"

"दुपारी दळ."

"दुपारी लाईट जाती."

"लाईट कुठं जात न्हाई. तुझ्यापातूर येत न्हाई, एवढंच."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 'लाईट गेली' असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. वायरमन माणूस. भोर शहरातल्या निम्म्या घरांचं, आणि वेल्ह्याच्या बाजूला डोंगरातल्या कितीतरी वाड्यांचं वायरिंग त्यांच्या हातचं. वायरीचं वेटोळं खांद्यावर टाकून हिर्डोशीपर्यंत चालत गेलेले. "पयला बल्ब पेटला की म्हाताऱ्या पाया पडायच्या," ते सांगायचे. "बल्बाच्या. माज्या न्हवं."

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलीही वस्तू ते आधी पालथ्या हाताने शिवायचे. दाराची कडी, चहाचा कप, ताटातली भाकरी, बाजारातला पेरू. धंद्याची सवय ती. उघडी तार तळव्याला लागली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. पालथा हात झटक्यासरशी मागे येतो. तारेपुरती असलेली ही सवय त्यांनी सगळ्या जगाला लावली होती. माणसांशी हात मिळवायचे नाहीत. पुढे केलेल्या हाताला पालथी बोटं टेकवायचे आणि विचारायचे, "काय, व्होल्टेज हाय ना?" ही त्यांची खुशाली.

आतल्या खोलीत काय आहे, ते मला दुसऱ्या महिन्यात कळलं. एका सकाळी ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, जरा एक पाठ बघायची हाय."

आत बाजेवर चाची होत्या. अर्धांगाला दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, बोलणं दोन-दोन शब्दांचं. डोळे मात्र एकदम तल्लख. केस कातरून बारीक केलेले. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून घरी पाठवताना तिथल्यांनी मोजकेच दिवस सांगितले होते आणि माकडहाडावर एक जखम देऊन पाठवलं होतं. चाचांनी त्यांना हलकेच कुशीवर वळवलं. मी बघितलं. जखम भरलेली होती. वर नवी, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी आलेली होती. इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला याचा अर्थ कळतो. घरात एकट्या पुरुषाने सांभाळलेल्या बाईची पाठ अशी नसते.

मग मी बाजेखाली बघितलं.

बाज सुती नवारीची. गादी नाही, जुन्या लुगड्याची दुहेरी घडी फक्त. आणि खाली लाकडी चौकटीत बसवलेले सहा छोटे चौकोनी पंखे, तोंडं वर करून. कॉम्प्युटरच्या आत असतात ते. सहाच्या सहा फिरत होते, आणि आवाज म्हणाल तर भिंतीपलीकडे कुणी जपमाळ ओढावी एवढाच. त्यांच्या वायरी एका पत्र्याच्या पेटीत गेल्या होत्या. तीही कॉम्प्युटरचीच, वीज पुरवणारी पेटी. आपल्याकडे तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते आणि तितक्याच वेगाने बंद पडत होते. नसरापूरच्या भंगारवाल्याकडे या पेट्यांचा ढीग असायचा. "मेलेल्या पेटीतला पंखा काढायचा," चाचा म्हणाले, "आन जित्या पेटीवर चालवायचा."

ही पेटी नुसती प्लगला लावून चालू होत नाही, हे मला त्यांनीच दाखवलं. तिच्या वायरींच्या जुडग्यात एक हिरवी तार असते. ती काळ्या तारेशी जोडली की पेटी जागी होते. त्या दोन तारांच्या टोकांत त्यांनी एक केसांची पिन खोचली होती. चाचींची. केस कातरल्यावर पिनांचं काही काम उरलं नव्हतं. पंखे पिवळ्या आणि काळ्या तारेवर पूर्ण वेगाने फिरतात. त्यांनी काळ्याऐवजी लाल जोडली होती, म्हणजे वेग निम्म्यावर येतो. "तिला आवाज सोसत न्हाई," ते म्हणाले.

"साधा टेबलफॅन का नाही लावत खाली?"

"सांजच्याला लावून बगा. नुसता गुरगुरतो. फिरत न्हाई."

खरी अडचण ती होती. संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरायचं की साधा पंखा जागेवर हुंकार देत बसायचा, आणि ही पेटीसुद्धा बंद पडायची. पण पेटीच्या पाठीला एक लाल बटण असतं. एका बाजूला दोनशे तीस, दुसऱ्या बाजूला एकशे पंधरा. परदेशात वीज कमी दाबाची असते, तिथल्यासाठी. चाचांनी ते भोरसाठी वापरलं. बल्ब तांबडा झाला की बटण एकशे पंधरावर सरकवायचं, पेटी पुन्हा सुरू. बल्ब पांढरा व्हायला लागला की लगेच परत दोनशे तीसवर. उशीर झाला तर पेटी फुटते. म्हणून इस्त्री नाही, शेगडी नाही, आणि म्हणून संध्याकाळी चाचा उंबऱ्याबाहेर पडत नसत. वीज पूर्ण गेली की ट्रकची एक जुनी बॅटरी होती, तेवढ्यापुरते पंखे तिच्यावर.

मी स्पष्ट सांगते, असा पलंग मी दवाखान्यात कुणाला सुचवणार नाही. पाठ राखायची तर माणूस दर दोन तासांनी वळवावा लागतो, कोरडा ठेवावा लागतो, पोटात नीट जावं लागतं. वारा नंतर. मी तसं त्यांना सांगितलं.

"वळवितो की," ते म्हणाले. "दोन्ही करतो. एक कमी पडलं तर दुसरं असावं."

चाचींना त्या पंख्यांचं कौतुक नव्हतं. मी पट्टा लावून रक्तदाब बघत असताना त्या डाव्या बोटाने खाली दाखवायच्या आणि अर्ध्या तोंडाने म्हणायच्या, "इंजिन... चालू. गाडी... कवा सुटनार?"

"सुटंल, सुटंल," चाचा म्हणायचे. "टायमाच्या आधी सोडत न्हाईत."

"डायवर... येडा."

मग दोघं हसायचे. चाचींचं हसणं एका बाजूला यायचं आणि डोळ्यांतून पाणी.

एवढा आटापिटा पाठीसाठीच का, हे चाचांनी मला एका दुपारी बाजेखालच्या पंख्यांची धूळ ब्रशने काढताना सांगितलं. मान वर न करता.

त्यांची आई वेल्ह्याकडच्या गावात जमिनीवर पडून गेली. पावसाळाभर पडून होती. घरात कुणाला काही कळत नव्हतं. मुसलमानांत मय्यतीला शेवटची आंघोळ घालतात, त्याला गुसल म्हणतात. बाईला बायकाच घालतात, चादरींचा आडोसा करून. चाचांना तेव्हा मिसरूड फुटत होतं. ते आडोशाबाहेर उभे होते. बायका तोंडाला पदर लावून बाहेर आल्या. एक पेरूच्या झाडाखाली जाऊन ओकली.

"मय्यतीचा ऐब दिसला तर धुणाऱ्यानं झाकायचा आसतो, सिस्टर. धर्मच हाय तसा. काय बगितलं ते भायेर सांगायचं न्हाई. पर बोलल्या. सांच्यापातूर गावभर. आमाला बगून पोरं नाक धरायची. माजी माय लई सोच्छ बाई व्हती. अंगणात काडी पडू द्यायची न्हाई. आन गावाला तिचं तेवढंच ध्यानात ऱ्हायलं."

"सगळ्या बोलल्या?"

"एक न्हाई बोलली. भाभी. थोरल्या भावाची नवी नवरी व्हती, पाणी वताया हुबी केलती. तिला किती इचारलं बायकांनी. म्हणली, म्या खालीच बगत व्हते." त्यांनी ब्रश झटकला. "हिचं गुसल भाभीच करनार. सांगून ठिवलंय. आन भाभीला हिच्या पाठीला काय बी दिसाया नको."

तेव्हापासून मी इस्त्री सकाळीच करू लागले, आणि भिंतीवरची काठी माझ्यासाठी वाजायची थांबली.

त्या हिवाळ्याच्या शेवटी नसरापूरचा थोरला भाऊ गेला. हायवेवर पंक्चर काढायचं त्याचं दुकान होतं. त्यानेच चाचांना वाढवलं, वायरमनच्या हाताखाली लावलं, लग्न करून दिलं. बापाच्या जागी. सकाळी फोन आला, दुपारच्या नमाजानंतर माती. माझी सुट्टी होती.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मी बसते चाचींपाशी. दोन तासांनी वळवीन. बटणाचं मला कळतं."

"तुमाला बल्ब वाचता येत न्हाई."

"शिकवा."

"एका दिसात न्हाई येत."

चाची बाजेवरून ओरडल्या, "जा! जा... की!"

त्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, दारापर्यंत गेले. बल्ब उतरला. परत आले, बटण सरकवलं. पुन्हा निघाले, बल्ब चढला. परत आले. कुठे काय बिघडलं होतं कोण जाणे, त्या दिवशी व्होल्टेज सारखं वरखाली होत होतं. जेवणवेळेला भावाचा थोरला मुलगा मोटरसायकल घेऊन न्यायला आला. चांगला तिशीचा माणूस, डोळे सुजलेले.

"चाचा, चला. अब्बा आता वाट बगत न्हाईत, पर लोकं बगत्यात."

"व्हय, आलोच."

"आलोच म्हंजे? माती तुमी द्यायची पयली."

चाचा बल्बाकडे बघत होते. मग जे बोलले ते मी माझ्या कानांनी ऐकलं, म्हणून लिहिते. ते म्हणाले, "मेलेल्याला पाठ दुखत न्हाई रं."

पुतण्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मोटरसायकल फिरवली आणि गेला.

चाचा टोपी घालून स्टुलावर बसून राहिले. नमाजाची वेळ गेली, मातीची वेळ गेली. त्यांनी मधे चाचींना वळवलं, पाणी पाजलं. चाचींनी पाणी थुंकलं. ऊन कलल्यावर टोपी काढली आणि पालथ्या हाताने दोन्ही डोळे पुसले.

ते वाक्य त्याच संध्याकाळी नसरापूरला पोचलं होतं. तिथून उत्रोलीला, भोरच्या बाजारात, मशिदीत. दवाखान्यात एका बाईने इंजेक्शन घेता घेता मला विचारलं, "तुमचा घरमालक त्योच न्हवं? भावाला म्हणला मेलेल्याला पाठ दुखत न्हाई?" माणसाने आयुष्यभर केलेलं एका वाक्याने पुसून टाकता येतं. चाचांना हे आईच्या वेळेपासून माहीत होतं, तरी तोंडून गेलं.

लोकांनी बोलणं सोडलं त्याचं त्यांना काही नव्हतं. भीती होती ती भाभीची. भाऊ गेला तेव्हापासून ते मला आडून आडून विचारायचे, "भाभी यील ना हो?"

भाऊ गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी चाचींनीच त्यांना नसरापूरला घालवलं. चाचींनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. "भाभीला... भेटा," एवढंच सारखं. शेवटी दुपारी चाचींना वळवून, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून ते निघाले. उन्हाळा कडक होता. निघताना बल्ब तांबडा होता, म्हणून बटण एकशे पंधरावर. या दिवसांत रात्रीच्या आत बल्ब पांढरा होत नाही, हा त्यांचा हिशोब. त्याच्या आत ते परतणार होते.

नसरापूरला त्यांना भाभी दिसलीच नाही. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस बाई इद्दतीत असते, परपुरुषासमोर येत नाही. ते पडद्याबाहेर बसले. "भाभी, म्या आलोय," म्हणाले. आतून नुसता चहा आला. चहा पिऊन ते उठले. एसटी मिळाली नाही; शेअर रिक्षा भरेपर्यंत ताटकळले.

मी ड्यूटीवरून आले तेव्हा अंगणातच जळका वास आला. शेजारीण घराच्या दारात छातीला हात लावून उभी होती. "बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला हो सिस्टर! म्या घरात शिरलेच न्हाई." आत धूर होता. पुढच्या खोलीतला बल्ब लख्ख पांढरा. कुठल्यातरी बाजूची लाईन बंद झाली असणार आणि तिकडचं सगळं व्होल्टेज इकडे आलं असणार. पेटीचा पत्रा फुगला होता. चाची घामाने निथळत होत्या, डोळे उघडे. मला बघून म्हणाल्या, "सुटली... वाटलं."

मी त्यांना वळवलं, पुसलं, खिडकी उघडली. चाचा आले. वास त्यांना गल्लीतच आला असेल. पेटीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. सरळ आले आणि पालथा हात चाचींच्या पाठीखाली घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

चालू पेटी मिळायला आठवडा गेला. बॅटरी दिवसाआड गॅरेजमधून भरून आणायची, ती अर्धा दिवस पुरायची. उरलेला वेळ चाचा सुपाने वारा घालायचे. त्याच आठवड्यात चाचींना ताप आला, पाठोपाठ जुलाब. आणि जुन्या जागी कातडी फाटली.

ती पंखे बंद पडल्यामुळे फाटली असं मी म्हणणार नाही. ताप आणि जुलाब यांना एवढी पातळ कातडी टिकत नाही. चाचांनाही मी हे सांगितलं, दोनदा. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "एक दीस गेलो, सिस्टर." पुढे नवी पेटी आली, सहाही पंखे पुन्हा फिरू लागले, मी रोज सकाळी जखम धुऊन पट्टी करत होते. ती वाढली नाही. भरलीही नाही. चाचा पट्टीच्या वेळी बाहेर जाऊन उभे राहायचे. पूर्वी स्वतः पाठ दाखवायला बोलवायचे ते.

पावसाळ्यात एका पहाटे चाची गेल्या. झोपेतच. चाचा मला उठवायला आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. "सिस्टर, गाडी सुटली."

नसरापूरला निरोप गेला. भोरच्या बायका जमल्या, आडोसा बांधला, पाणी तापलं. चाचा आडोशाच्या तोंडाशी उभे.

"भाभी यील. मग."

सकाळ सरली. मशिदीतल्या वडीलधाऱ्या माणसाने येऊन सांगितलं, "मय्यत ताटकळत ठिवू नये, मियाँ. हितल्या बायका हायत की."

"भाभी यील."

"ती कशी यील? तू गेलतास का तिच्या दारात माती द्यायला?"

चाचांनी मान खाली घातली, पण जागेवरून हलले नाहीत. बायका आपसात कुजबुजत होत्या. पंख्यांची गोष्ट गावाला ठाऊक होती. ती पाठ एकदा बघावी, असं प्रत्येकीच्या तोंडावर होतं. मला ते दिसत होतं, आणि आत चाचींच्या पाठीवर माझीच आदल्या सकाळची पट्टी होती.

पुतण्या मोटरसायकलवरून आला. एकटाच. भिंतीला टेकून उभा राहिला. त्यामागून रिक्षा आली आणि तिच्यातून एक ठेंगणी, रुंद हाडाची बाई उतरली. काखेत पांढऱ्या कापडाचं बोचकं. इद्दत संपून थोडेच दिवस झाले होते. ती सरळ चाचांसमोर आली.

"मेलेल्याला पाठ दुखत न्हाई म्हणालतास."

"व्हय, भाभी."

"मग हितं कशाला हुबा हायस? जा. बाप्यांत जाऊन बस."

चाचा गेले. भाभींनी बाह्या वर केल्या आणि बायकांकडे बघितलं. तिघीचौघी पुढे झाल्या.

"सिस्टर कोन हितं?"

"मी."

"तुमी या पाणी वताया. बाकीच्या भायेरच ऱ्हावा."

"अगं, त्या हिंदू हायत," एक म्हणाली.

"पाणी वताया काय जात लागती व्हय? धुनार म्याच हाय."

आडोशात आम्ही दोघी. त्या सांगतील तसं मी ओतत गेले. भाभींचे हात जाड होते पण फार हळू चालत होते. कुशीवर घेतल्यावर त्यांनी पट्टी सोडली आणि बघितलं. रुपयाएवढी जागा. त्यांनी ती सगळ्यात शेवटी धुतली, कापूस घडी करून बसवला, वरून कापूर चोळला.

"ही पट्टी तुमी बांदत व्हता?"

"हो."

"चांगली बांदलीया." मग चादर सारखी करत, "सासूच्या वक्ताला म्या पाणी वतत व्हते."

"चाचांनी सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे मान वर करून बघितलं. "मग तुमाला सांगाया नको." पट्टीची घडी करून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

कफन झाल्यावर भाभींनी चादर बाजूला सारली आणि अंगणात आल्या. हात ओले, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. बायका उठून उभ्या राहिल्या. पलीकडे पुरुष बसले होते, त्यांच्यापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"पाठ कोरी हाय. लेकराची आसती तशी. जल्मात आशी मय्यत धुतली न्हाई म्या."

चाचा पुरुषांत बसल्या जागी वाकले आणि कपाळ गुडघ्याला टेकवलं. भाभी त्यांच्याकडे न बघता विहिरीवर हात धुवायला गेल्या. रात्रीही थांबल्या नाहीत. माती झाल्याचा निरोप आला तशा मुलाच्या मोटरसायकलवर बसून निघून गेल्या. चाचांशी दुसरा शब्द बोलल्या नाहीत.

दिवेलागणीला मी चहा घेऊन आतल्या खोलीत गेले. बाज रिकामी होती. खालचे सहा पंखे सकाळपासून तसेच फिरत होते. कुणाला बंद करायचं सुचलं नव्हतं. चाचा स्टुलावर.

"सिस्टर, भाभी काय म्हणली?"

"तुम्ही ऐकलंत की."

"सांगा."

"पाठ कोरी आहे म्हणाल्या."

"समद्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

त्यांनी मान हलवली. कप पालथ्या हाताने शिवून बघितला, खाली ठेवला.

"पट्टी?"

"दवाखान्यात नेऊन जाळली."

"बरं केलं."

दारातून दिसणारा पुढच्या खोलीतला बल्ब पिवळा झाला, मग तांबडा. चाचा सवयीने उठले, बाजेखाली वाकले. हात लाल बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी बटण सोडून तारांमधली पिन ओढून काढली आणि खिशात टेस्टरशेजारी ठेवली. पंखे एकेक करत थांबले.

"गिरणी लागली," ते म्हणाले.